माशी

तुमाशच्या तळघरात तेलाचा वास, थंड लोखंडाचा वास.
बाहेर इन नदी बर्फ पिऊन दुधाळ-करडी झालेली.
मी बाबांची रायफल टेबलावर ठेवली
आणि म्हणाले, हिची माशी घासून दे.
जाड आहे. तीनशे मीटरवरचं काळं वर्तुळ
अख्खं गिळते, कड म्हणून दिसू देत नाही.

तो हसला नाही. कॅलिपरचे जबडे माशीला लावले.
"एक पूर्णांक सहा मिलिमीटर.
याखेननं इथंच बसून घासली होती,
तू पोटात होतीस तेव्हा.
वर्तुळ साठ सेंटिमीटरचं, तीनशे मीटरवर:
हजारात दोन.
माशी एवढीशी, त्याच्या डोळ्यापासून ऐंशी सेंटिमीटरवर:
तीही हजारात दोन.
जवळचं बारकं आणि दूरचं थोरलं
बाहुलीपाशी येऊन एकाच मापाचं होतं.
त्याला कोन म्हणतात, मेंगिया.
तुझ्या कंपासपेटीत होता, तोच."

मग जमिनीवर घोंगडी टाकून
त्यानं मला पालथं पडायला लावलं,
शिंप्याची टेप काढली,
माझ्या पापणीपासून माशीपर्यंत धरली.
बहात्तर.
"त्याची मान बगळ्याची. तू आईवर गेलीस,
गाल पुढे रोवतेस.
आठ सेंटिमीटर जवळ सरकलीस
आणि माशी तिकडे सदुसष्ट सेंटिमीटर झाकायला लागली.
लोखंड तेवढंच आहे.
राईचा पर्वत असा होतो, पोरी.
राई वाढत नाही, आपण जवळ जातो."

आणखीही एक अंतर असतं, म्हणाला,
मागच्या खाचेपासून माशीपर्यंतचं. इथे साठ.
झाकतं किती, ते डोळ्यापासून मोजायचं;
चुकतं किती, ते खाचेपासून.
माशी खाचेत केसभर डावीकडे गेली,
दशांश मिलिमीटर फक्त,
की गोळी तिकडे पाच सेंटिमीटर डावीकडे.
लोक दोन्ही अंतरांची गल्लत करतात
आणि वाऱ्याला शिव्या घालतात.

त्यानं कानस उचलली.
सोळा शतांश काढायचे, दहा मिनिटांचं काम.
"पण कानस नेते ते परत देत नाही," म्हणाला,
आणि दिवा जवळ ओढला.

दिव्यात मला ओरखडे दिसले.
बारीक, उलट्या अंगाला तिरपे.
बाबा डावखुरे होते.
पाव घेताना शेजाऱ्याला कोपर लागायचं,
सही करताना शाई हातावर यायची.
इतक्या वर्षांच्या तेलाखाली
त्या हाताचा कल तसाच्या तसा.

नको, म्हणाले मी.

त्यानं विचारलं नाही. खण उघडून
नवी माशी काढली, कोरी, एक पूर्णांक चार.
"थोडी कड सुटी राहील दोन्हीकडे.
ती तुझी."

रविवारी कड दिसली.
गोळ्या तरीही उजवीकडे गेल्या.
त्यात कोनाचा दोष नव्हता, माझ्या बोटाचा होता.

जुनी माशी काडेपेटीत आहे, कापसावर.
कधी संध्याकाळी भांडी विसळून झाली
की स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून
ती चिमटीत धरते,
हात पूर्ण लांब करून. चौसष्ट सेंटिमीटर.
एक डोळा मिटते.
दरीपलीकडे चर्चचा उतार,
नकाशावर बाराशे मीटर.
हजारात अडीच, म्हणजे तिथले तीन मीटर:
एक कबर,
तिच्या कडेचं न कापलेलं गवत,
आणि आईसाठी राखून ठेवलेली जागा.
एवढं या लोखंडाआड नेमकं मावतं.

हात जरा आखडला
तर शेजारची माणसंही झाकली जातील.
मी कोपर वाकू देत नाही.