एक वेढा सरळ, एक उलटा

सुरुवातीला दोनच खोकी होती,
त्यातलं एक घसा बसल्यासारखं बोलायचं.
टॅक्सीच्या टपावर ती दोरीनं आवळून
बंटामाच्या चढावर मी खिडकीतून हात काढून धरून बसायचे,
जणू माझ्या हातानं काही थांबणार होतं.

कुमासीत माणूस मरतो कधीही,
माती होते शनिवारी.
लाल-काळ्या कपड्यांत अख्खी गल्ली,
मांडवाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या,
आणि कोणी किती सेडी दिले त्याचा माईकवरून पुकारा.
तो शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला नाही
तर देणाऱ्याचा अपमान.
हे मला पहिल्याच महिन्यात कळलं,
भाडं परत मागायला आलेल्या एका मामाकडून.

अडोमाकोकडे तेव्हा ट्रक होता.
त्याच्या दराखाली मी चाळीस सेडी उतरले,
मग साठ.
टाफोतली तीन चर्च माझ्याकडे आली.
तो भांडला नाही. एका रविवारी
माझ्या पोराच्या हातातली केबल काढून घेतली त्यानं.
"ओपोकुवा, कोपरावर गुंडाळतात ती गुरांची दोरी.
हिला एक वेढा सरळ, एक उलटा.
मग पीळ राहत नाही."
आणि गेला.

आता सोळा खोकी आहेत, चार सबवूफर,
हप्त्यावरचा मिक्सर;
रात्री मी त्याच्यावर आईचं कापड टाकते.
प्रत्येक केबलच्या टोकाला माझी जांभळी नेलपॉलिश.
चोराला ती खरवडता येते,
पण इतकी टोकं खरवडायचा कंटाळा येतो.
जानेवारीत उत्तरेची धूळ येते
आणि मिक्सरच्या सगळ्या फेडरांना दमा लागतो.

परवा अडोमाकोची थोरली मुलगी आली.
शनिवार. चारशे खुर्च्या.
भाव काय?

मी वही उघडली. मिटली.
फुकट म्हणावं तर त्याच्या धंद्याचा अपमान.
पूर्ण घ्यावेत तर कोणाचा, ते कळेना.
शेवटी त्याचाच तेव्हाचा दर लिहिला,
ज्याच्याखाली मी साठ उतरले होते.
आता त्यात डिझेलही भागत नाही.
आकडा बघून ती थांबली.
मग मोजून दिले, एकेक नोट सरळ करून.

शनिवारी सगळे पुकारे मागपर्यंत पोचले.
ते घसा बसलेलं खोकंही नेलं होतं मी,
कशालाच न जोडता,
ट्रकमध्ये नुसतं.

रात्री पोरं आवरत होती.
नवा पोरगा, अनाने,
केबल घेऊन कोपर वाकवायला लागला.
मी ओरडणार होते.

"दे इकडे," म्हटलं.