उतरा

दिवाळी सरली, निगव्याच्या रस्त्याला चुलवाण पेटलं,
तेव्हा मी वही घेऊन गेले
आणि लांब वायरीचा एक तापमापक,
विद्यापीठाचा शिक्का असलेला.
मला एक आकडा हवा होता फक्त:
गूळ होतो कधी, त्याचा.

केरबा बन्ने, गुळव्या.
वय? "कागदावर पंचावन्न, हाडात जास्त."
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू,
काहिलीच्या काठावर उभा, वाफेत कमरेपर्यंत नाहीसा.
मी विचारलं, बघता कसं?
"बघत न्हाई."

भेंडीचं पाणी पडलं, मळी वर आली,
झाऱ्यानं उचलून त्यानं ती बाजूला झटकली.
सत्तू जळव्या तोंड फिरवून चिपाडं सारत होता आगीत.
माझा आकडा चढत होता.
एकशे बारा. चौदा. सोळा.
एकशे अठराला मी ओरडले, झालं!
केरबा हलला नाही.
"ह्यो ऊस पाण्यात उभा हुता," एवढंच.

त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
श्रावणात पंचगंगा आठ दिवस त्या रानात मुक्कामाला होती,
हे मला मालकानं दुपारी भाकरी खाताना सांगितलं.

मग एकदम, म्हणजे मला काहीच एकदम वाटलं नाही,
बुडबुडे तेच, फुटणं तेच, वासही तोच,
त्याचा हात वर गेला.
"उतरा!"
पाच माणसं धावली. काहील कलली.
वाफ्यात सोनेरी चिखल पसरला आणि
थोड्या वेळानं त्यानं कणी धरली.

त्याचं सगळंच खरं ठरतं असं नाही.
बेळगावला दिलेली लेक सुखात आहे
असंही त्याला तीन वर्षं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाला पेटले.
नेमकं काय ऐकता? नेमकं केव्हा?
आणि त्याच्या आधी?
भला माणूस. उत्तर द्यायचं म्हणून
आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मुद्दाम कान लावला.
मान तिरकी केली, डोळे मिटले,
ओठांनी काही मोजू लागला.
हात अर्ध्यावर आला, थांबला,
परत खाली गेला.
मी पेन धरून बसले होते.

करपट वास आधी सत्तूला आला.

आख्खं आदण गेलं.
मालक चुलीला शिव्या देत होता, म्हणजे केरबाला,
म्हणजे खरं तर मला.
केरबा विडी शोधत खिसे चाचपत राहिला.
मग म्हणाला, रागानं नाही,
"बाई, झोप लागताना कोन बघतंय व्हय
कवा लागली ती?"

अहवालात मी लिहिलं: एकशे अठरा, तीन अंश इकडेतिकडे.
सर म्हणाले, छान.
काळ्या ढेपेचा एक तुकडा
माझ्या टेबलाच्या खणात आहे, रबरांशेजारी.
त्याला मुंग्याही लागत नाहीत.

माघातली एक रात्र.
राजारामपुरीतल्या खोलीवर मी वरणाला फोडणी देत होते,
आईचा फोन आला, भोगावतीकाठच्या घरून.
जेवलीस का?
थंडी आहे का तिकडं?
आम्ही बरं आहोत.
रोजचे शब्द, रोजच्याच क्रमानं,
मागं टीव्हीवर कुणीतरी हसत होतं.
फोन ठेवला, गॅस बंद केला,
चप्पल कुठल्या पायात कुठली ते न बघता जिना उतरले.

शेवटच्या एसटीला बारा मिनिटं होती.
रिक्षावाला आरशातून म्हणाला,
"एवढी घाई? काय झालंय ताई?"
माहीत नाही, मी म्हणाले.
अजून कुणी सांगितलं नाही.