दस्त्यावरचा चेहरा

नौशीरसाहेबांनी ती मखमलीतून काढली
आणि माझ्या ऐरणीशेजारी ठेवली,
रिठ्याच्या वाटीपासून मुद्दाम लांब.
"नाक चेपलंय. तेवढंच उचलायचं.
काळं मात्र बिलकुल काढायचं नाही.
काळ्याचेच पैसे आहेत, पोतदार."

फणसवाडीत आमच्या चार पिढ्या
चांदीचं काळं काढून जगल्या.
गौरी यायच्या आधी पंधरा दिवस
चिंचेच्या पाण्यानं आईची बोटं सोलवटून निघायची.
आणि हा माणूस म्हणतो, काळं जपा.
बरं. जपू.

अडीचशे वर्षांची आहे म्हणाले, लंडनची.
दस्ता अक्रोडाचा, हाताला ऊबदार.
नळीवर कुणा कारागिराचं नाव, अर्धं पुसलेलं.
चापाच्या जबड्यात गारगोटी,
चामड्याच्या तुकड्यात धरलेली,
म्हातारा सुपारी धरतो तशी, गिळायची नाही, थुंकायची नाही.
खाली रंजकीची वाटी, नखावर मावेल एवढी.
डाव्या अंगाला चांदीची पट्टी: ढाली, भाले, नगारे,
लढाई संपल्यावर कुणी आवरायला घेतले
आणि कंटाळून तसेच टाकून गेला.
दस्त्याच्या टोकाला तो चेहरा.

"राक्षस आहे," साहेब म्हणाले. "तिकडे असंच करायचे.
एकच गोळी असते ना. ती सुटली
की पिस्तूल उलटं धरायचं
आणि ह्याच्या थोबाडानं समोरच्याचं डोकं फोडायचं."

ते गेल्यावर मी भिंग लावलं.
मिशा तिकडच्या. फुगलेले गाल तिकडचे.
डोळे नव्हते.

डोळे जवासारखे, कडा दुहेरी,
बुबुळ टोचलेलं नाही, आतून उठवलेलं.
असे डोळे मी रोज करतो,
खंडोबाच्या टाकाला, कुणाच्या कुलदेवीला.
आणि डावा डोळा केसभर खाली.

आमच्या दुकानात एकाहत्तरपर्यंत
दिवा डावीकडे टांगलेला असायचा.
बाबांच्या हातच्या प्रत्येक देवाचा
डावा डोळा केसभर खाली आहे.
गिऱ्हाइकं म्हणायची, पोतदारांचा देव
कुठूनही बघा, आपल्याकडंच बघतो.

कुणी आणली असेल ही त्यांच्याकडे?
मूळची टोपी हरवलेली, सोबत पुस्तकातून फाडलेलं चित्र,
असंच करून द्या, कुठं बोलू नका.
बाबांनी चित्राबरहुकूम सगळं केलं.
डोळ्यांपाशी हात आपल्या वाटेनं गेला.
किंवा त्यांनी जाऊ दिला.
मग दार लावून घेतलं असेल,
गंधकाचा धूर दिला असेल,
आणि काळं काढणाऱ्या घरात
एका रात्रीत काळं चढवलं असेल.

मला कधी बोलले नाहीत.
एका वर्षी माझी शाळेची फी वेळेवर भरली गेली होती,
एवढं आठवतं.

लाखेवर टेकवून नाक आतून उचललं.
दहा-बारा ठोके, पोराला थोपटावं इतके हलके.

साहेब आले. खूश झाले. चाप मागे ओढला,
आधी अर्धा, मग पुरा.
"बघा हां."
ठिणगी वाटीत पडली. दारू नव्हतीच.
लहानपणी अंधारात गारगोट्या घासल्यावर यायचा
तो वास आला, जळक्या नखाचा,
आणि दुकानभर काही क्षण कुणीच काही बोललं नाही.

"लिलावात घालतोय," ते म्हणाले.
"चांदी अस्सल ना, पोतदार?"
अस्सल, मी म्हणालो.
कस लावून बघितला होता, खोटं नाही बोललो.
पुढचं त्यांनी विचारलं नाही.
मजुरी सातशे सांगितली,
घासाघीस न करता दिली.

पेटी मिटेपर्यंत
तो राक्षस माझ्याकडंच बघत होता,
केसभर खालून.