कोपरे

लतीफ होडेकर, वय अठ्ठावन्न,
मिरकरवाड्यात पर्ससीन बोटीवर तेवीस वर्षं तांडेल.
गाठ गुदाशयात, बोट घातलं तर लागते
इतकी खाली.

रिपोर्टच्या पाठीवर मी चित्र काढलं:
इथून कापायचं, एवढं टाकायचं,
वरचं आतडं खाली आणून जोडायचं.
"जोडता कशानं?"
टाचण्यांनी. टायटॅनियमच्या. आतच राहतात,
गंजत नाहीत.
तो हसला. "खाऱ्या पाण्यात सगलं गंजतं."

रीती दोन आहेत.
पहिली माझ्या हातात मुरलेली:
पोटावरच्या भोकातून सरळ स्टेपलर आत,
आडवी शिवण मारून खालचं तोंड बंद,
मग खालून गोल स्टेपलर आणून
त्याच शिवणीतून त्याचं टोक वर काढायचं.
शिवणीवर शिवण.
पुरुषाचं ओटीपोट मिरकरवाड्यातल्या बोळासारखं,
यंत्राला वळायला जागा नाही,
एका दमात कापलं जात नाही, दुसरं काडतूस लागतं,
आणि दोन बाजूंना उरतात दोन कोपरे.
आमच्यात त्यांना कुत्र्याचे कान म्हणतात.
झोपलेल्या कुत्र्याचे. बहुतेकदा तो उठत नाही.

कुंदा जाक्कर, साखरीनाटे.
पाचव्या दिवशी ताप, नाडी एकशे तीस,
नळीतून जे आलं ते मी आधी वासानं ओळखलं.
डावा कोपरा.
वाचली. पण पोटावरची पिशवी कायमची झाली,
आणि बाजारात ती आता
वाऱ्याच्या खालच्या अंगाला टोपली मांडते,
कुणी सांगितलं नसताना.

दुसरी रीत: आडवी शिवणच नाही.
खालून, डोळ्यांनी बघत कापायचं,
उघड्या काठाभोवती हातानं दोरा ओवायचा,
चंचीच्या नाडीसारखा ओढायचा,
आणि गोल स्टेपलर, एकदाच.
कोपरा उरत नाही.
वेळ जातो. पाठ मोडते. माझा हात अजून बसलेला नाही.
निबंध वाचलेत मी; आकडे या बाजूला कलतात,
पण टेबलावर आपटावेत इतके नाहीत.

हे सगळं त्याला सांगायला नको होतं कदाचित.
त्यानं माझ्या हातातून पेन घेतलं,
चित्रातल्या उघड्या तोंडाभोवती गोल काढला,
गोलावर कड्या, कड्यांतून दोरी.
"ही आमची पर्ससीन. दोरी ओढली की तळ मिटतो.
जालं मधी फाटत नाय कधी.
जोडावर जोड येतो ना, तिथं फाटतं."
पेन परत देताना म्हणाला,
"पण ओढणारा कच्चा असला तर गोलातनंपण मासा जातो."

बुधवार. मायदेवांनी भूल दिली.
दोरा ओवताना मी टाके मोजले नाहीत,
कड्या मोजल्या.
ओढलं. मिटलं.
चाक फिरवलं खुणेपर्यंत, थांबले, दाबलं.
तो कुरकुरीत आवाज.
यंत्रातून दोन चकत्या निघाल्या,
सिस्टरनी ट्रेमध्ये उलटसुलट करून बघितल्या:
पुऱ्या गोल, कुठे तुटलेल्या नाहीत.

मग ओटीपोटात पाणी, खालून हवा.
सायकलवाला ट्यूब परातीत बुडवून बघतो
तसे आम्ही पाच जण पडद्याकडे.
एक बुडबुडा आला.
कुणी बोललं नाही.
काठाला चिकटलेला जुनाच होता, सुटला, फुटला.
मागे दुसरा नाही.
तरी तात्पुरती पिशवी मी ठेवलीच.

सोमवार, पाचवा दिवस.
पहाटे साडेपाचला वॉर्डात गेले, राउंडला अवकाश असताना.
ताप नाही. नाडी ब्याऐंशी.
एका लतीफनं काही सिद्ध होत नाही, ठाऊक आहे मला.
तो खिडकीशी उभा होता,
एका हातानं पिशवी सावरत
बंदरात शिरणारे दिवे मोजत.
"अकरा आल्या," वळून न बघता म्हणाला,
"एक यायचीय अजून."

मीही थांबले.