आठवं

लोस आल्तारेसला डिझेल भरून झालं
की बाबा कॅसेट फुंकायचे,
कढत चहा फुंकावा तशी,
आणि आत ढकलायचे.
तिथून पासो दे इन्दियोसपर्यंत
कुणी बोलायचं नाही.
असा नियम नव्हता. असंच होतं.

मागे चौदा टन लोकर,
पुढे चुबुत नदीचे तांबडे कडे,
मध्ये मी, नऊ वर्षांची,
येर्बाचा पेला गुडघ्यांत घट्ट धरून.

कॅसेटवरचं नाव घासून गेलेलं.
एक बाई, एक गिटार, एक अकॉर्डियन.
बाई कुठली, कुणाची, बाबांनाही ठाऊक नव्हतं.
आवाज जरा बसलेला,
रात्रभर मेंढ्या हाकून आल्यासारखा.
गाणी पुढे पळवायचं बटण मोडलेलं.
बाबांनी रेडिएटर तीनदा दुरुस्त केला,
बटण कधीच नाही.

पहिल्या गाण्यात पेट्रोलपंप मागे पडायचा.
तिसऱ्यात कडे इतके जवळ यायचे
की बाई त्यांनाच हाका मारतेय असं वाटावं.
सहावं संपता संपता
तहानेनं मेलेल्या बाईची देवळी यायची,
ड्रायव्हरांनी वाहिलेल्या पाण्याच्या बाटल्यांत
गळ्यापर्यंत बुडालेली.
बाबा उतरून एक बाटली ठेवत,
परत येऊन कॅसेट उलटी करत.
दोन्ही कामं एकाच हातानं,
एकाच चेहऱ्यानं.

सातवं सगळ्यांना आवडेल असं होतं.
आणि मग आठवं.

आठव्यात गाणं नव्हतंच.
सुरुवातीला बाई एकदा खोकायची,
मग चार मिनिटं अकॉर्डियन
नुसतं श्वास घेत पडलेलं.
काचेबाहेरही तेच. सपाट.
झुडूप. सपाट.
कुंपणाची तार.
सपाट.
मी विचारलं, हे कशाला ठेवलंय?
बाबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले,
"हे ओलांडल्याशिवाय नववं कुठून येणार?"

आणि खरंच, नवव्याच्या पहिल्या ठोक्याला
लांबवर पॉप्लरची रांग उभी राहायची,
तिच्यामागे गाव, पाव, संडास, माणसं.
वारा समोरून असला
तर दोन ओळी उशिरा.

आता बाबा त्रेलेउला, बहिणीकडे, मागच्या खोलीत.
एक कान पूर्ण गेला, दुसरा मर्जीनं चालतो.
भाच्याला, लाउतारोला, ती बाई फोनवर सापडली.
नाव निघालं एर्मेलिंदा कायुपान.
"अस्सं," बाबा म्हणाले,
शेजारणीचं वय कळावं इतपत.

लाउतारो टुणटुण उड्या मारत होता,
याचं तोंड, त्याचं शेपूट.
"आजोबा, यातलं सगळ्यात भारी कुठलं?"
बाबांना प्रश्नच कळला नाही.
मला कळला, पण उत्तर देता येईना.
रस्त्यातला सगळ्यात भारी किलोमीटर कुठला?
"पहिल्यापासून लाव," मी म्हटलं,
"आणि फोन पालथा ठेव."

सहाव्यानंतर बाबांनी टेबलावरचा पाण्याचा पेला
थोडा पुढे सरकवला.
सातवं झालं.
आणि एकदम नववं.

कुणीतरी आठवं गाळलं होतं,
खोकल्यासकट.
कुणी ऐकत नसेल.

बाबांचा हात वर गेला. थांबव.
लाउतारोनं थांबवलं, माझ्याकडे बघितलं.
बाबा एकदा खोकले.
मग काहीच नाही.
किटली निवत होती. बहीण दारात आली,
काय झालं विचारायला तोंड उघडलं,
आणि चौकटीला टेकून उभी राहिली.
बाबांचा उजवा पाय सपातेत
किंचित खाली दाबलेला.
पोरानं आधी भिंतीवरचं घड्याळ बघितलं,
नंतर खिडकी,
नंतर कशाकडेच नाही.
कुंपणाची तार.
सपाट.

"आता लाव," बाबा म्हणाले.

चार मिनिटांहून जास्त झाली होती.
वारा समोरून असणार.