सातव्या विहिरीचा आकडा

बेलापूरच्या चौथ्या मजल्यावर माझ्याकडे
एक समुद्रतळ आहे, साडेतीन लाख ठोकळ्यांचा.
प्रत्येकाला मी एक सच्छिद्रता दिली, एक दाब,
आणि शेजाऱ्याला किती वाट द्यायची ते.
रात्री यंत्र त्यांना बोलतं करतं:
तू किती दिलंस, मी किती घेतलं,
हिशेबातली चूक नगण्य होईपर्यंत.

बेंद्रे साहेबांनी आधी हंड्याचं मॉडेल शिकवलं.
अख्खा साठा म्हणजे एक हंडा, एकच दाब,
काढलं ते उणं, शिरलं ते अधिक.
"पोस्टकार्डावर मावतं," म्हणायचे, "आणि बरेचदा पुरतं."
मग काळ्या तेलाचं: तेल, वायू, पाणी, तिघांचा संसार,
दाब उतरला की वायू घर सोडतो.
घटकांचं मॉडेल मात्र हजेरी घेतं,
मिथेन, इथेन, प्रोपेन, एकेकाला नावाने हाक,
हजेरी संपेस्तोवर उजाडतं.
आमचा खडक चुनखडीचा, भेगाळलेला,
म्हणून दोन जाळ्या एकात एक.
भेगांतलं तेल पळतं.
खडकातलं उंबऱ्यावर बसून राहतं.

जुळत नव्हती ती सातवी विहीर.
सत्त्याण्णवचे तीन महिने
नोंदीत पाणी एकाच आकड्यावर थबकलेलं:
एकोणीस टक्के, एकोणीस टक्के, एकोणीस.
मी एक भेग बुजवली. दुसरी उघडली.
शेवटी, जिथे कुणीच कधी ड्रिल केलं नव्हतं तिथे
दोन किलोमीटरची भिंत उभी केली
आणि आलेख मुकाट वाकला.
भिंतीला नावही ठेवलं होतं मी.

करावे गावात दामोदर घरत राहतात.
प्लॅटफॉर्मवरच्या त्या वह्या त्यांच्या हातच्या.
सुकट निवडता निवडता
त्यांनी कागद लांब धरून पाहिला.
"बाय, मीटर बंद व्हता तवा.
सामान यायला तीन म्हयने लागले.
मंग आदल्या दिसाचाच आकडा लिवत गेलो."
मग, जरा वेळाने,
"कोन बघतंय म्हटलं."

भिंत पाडली त्याच संध्याकाळी.
पिशवीतल्या सुकटीचा वास
लिफ्टपासून सर्व्हर रूमपर्यंत.
पाणी चढत गेलं, आलेख आकड्यांना सोडून
आपल्या वाटेने वर गेला,
आणि अहवालात, शेऱ्याच्या रकान्यात, मी लिहिलं:
हे तीन महिने माहीत नाहीत.

बाकीच्या अकरा विहिरी
छान जुळतात.
कालपर्यंत त्याचा आनंद होता.