पावागडसाठी

शनिवारी रात्री साडेदहाला
माझ्या पलंगावर बसायला जागा नाही.
निळा कुर्ता, पिवळा कुर्ता,
सुरतेहून आणलेला तो फुलाफुलांचा,
तीन पॅन्ट, त्यातली एक अजून लेबलासकट,
आणि मी भिंतीला टेकून उभी,
मतमोजणीला बसलेल्या अधिकाऱ्यासारखी गंभीर.

उद्या पहाटे साडेपाचला उर्विश
दांडिया बाजारच्या नाक्यावर येणार.
पावागड. रोपवे नाही, चालत.
तिसरी भेट. पहिल्या दोन बसून झाल्या,
एसीत, टेबलाच्या अलीकडे-पलीकडे,
कमरेच्या वरचेच कपडे मोजले जातात अशा.
आता तो मला चालताना बघणार,
धापा टाकताना बघणार,
मागून बघणार. चढावर कोणीतरी मागे असतंच.

पिवळा सुंदर आहे. पण पिवळ्यावर घाम
नकाशासारखा पसरतो, हे मला
गरब्याच्या नऊ रात्रींनी शिकवलंय.
फुलाफुलांचा पहिल्याच बोरीच्या काट्याला मिठी मारेल.
जीन्स उन्हात जीन्स राहत नाही, ओलं पोतं होते.
काळं नकोच. अंग तापतं, आणि आई म्हणते
चांगल्या कामाला काळं कशाला.
आईला मी सांगितलंय, ऑफिसची ट्रिप आहे.
आईनं विचारलं नाही, कुठल्या ऑफिसच्या ट्रिपसाठी
मुलगी लिपस्टिक तीनदा लावून पुसते.

शेवटी निळा.
मंगळबाजारात घासाघीस करून घेतलेला, आठ वर्षांचा,
धुऊन धुऊन आता
निळीच्या शेवटच्या पाण्याच्या रंगाचा.
बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या की
मला माझे हात आवडतात.
एकच खोट होती, खिसा नव्हता.
आमच्या कपड्यांना खिसा नसतोच,
जणू जगात आम्हाला ठेवून घ्यावंसं
काही सापडणारच नाही.

म्हणून गुरुवारी रावपुऱ्यात, मोहितेमास्तरांकडे.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं,
"खिसा? केवढा?"
मी तळहात पुढे केला.
त्यांनी टेप काढली नाही. हात कापडावर ठेवायला लावला
आणि खडूनं सावकाश, एकेका बोटाला वळसा घालत, रेघ मारली.
"केम, डोंगर चढायचाय? मग बटन लावतो.
वर माकडं असतात."
पंचेचाळीस रुपये.
आजवर कुठल्याच पुरुषानं
माझ्या हाताचं माप इतक्या विचारानं घेतलं नव्हतं.

बूट जुनेच. लेस नवी, लाल,
तेवढीच चैन.
कानात काही नको.
बरं, ते बारीक खडे असू देत.

पाच चाळीसला उर्विश आला.
पांढरेशुभ्र बूट, कालच घेतलेले,
शर्ट इस्त्रीचा, इतका कडक
की हात वर करून हाक मारताना तो आधी शर्टाला विचारत होता.
आणि अत्तर. डोंगरावर!
मला हसू आलं, मग एकदम कसंतरी झालं:
म्हणजे काल रात्री
त्याच्याही पलंगावर जागा नव्हती.

सात कमानींच्या अलीकडेच
त्याची डावी टाच सोलली.
तो बोलला नाही. फक्त थांबायचा,
"जो, केवो पथ्थर छे," म्हणायचा.
मग दहा पावलांवर दुसरा पथ्थर.
चौथ्या पथ्थरावर मी त्याला बसवलं
आणि बटन उघडलं.
घराची किल्ली, शेंगदाण्याची चिक्की, त्यामागे
दोन पट्ट्या, चिक्कीच्या चुऱ्यासकट.
सॅकमध्ये जादा मोजे होते,
माझे, जांभळे, टाचेला रफू केलेले.
पांढऱ्या बुटांतून ते
मांजराच्या पिल्लांसारखे वर डोकावले.

खाली चांपानेर, धुक्यातून दोन मिनार,
कुठेतरी कोणीतरी चहा उकळत असल्याचा वास.
"कसा दिसतो?" त्यानं मराठीत विचारलं,
बहुधा आठवडाभर पाठ केलेल्या.
"वाईट," मी म्हटलं.
तो हसत उठला, पुढे निघाला.
इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला,
त्यावर घामाचा भला मोठा नकाशा,
कुठल्याशा अनोळखी देशाचा.
मी लेस बांधायला खाली वाकले.
लेस सुटली नव्हती.